लोकांचा निवडुंग

अरे घडीमास्तर, हे तुझ्याबद्दल लिहिते आहे. तुला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू ‘बरं’ म्हणाला असतास, आणि तुझ्या ‘बरं’ला काडीचा अर्थ नसतो. पडदे उद्या देशील का म्हटलं, बरं. परवा दिलेस तरी चालतील म्हटलं, तरी बरं. आता हे वाचायला बसशील तेव्हा आधी इस्त्री उभी करून ठेव. वाचताना तू ओठ हलवतोस आणि बाकीचं जग विसरतोस. कोणाची तरी पँट फुकट जाईल आणि खापर माझ्या डोक्यावर फुटेल. आणखी एक. ज्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही त्यांनाही हे सांगायचं आहे, म्हणून इथून पुढे तुझ्याशी बोलणं बंद. तू जरा बाजूला सरक. आवडलं नाही तर नंतर भांड.

तर हा घडीमास्तर. पन्नाशी ओलांडलेला, उंच, आणि पाठीत थोडा वाकलेला, कारण टेबल बुटकं आणि हा लांब. एका चार मजली इमारतीच्या तळाला दोन दुकानं होती, एक सलूनचं आणि एक इस्त्रीचं. इस्त्रीच्या दुकानात रुंद टेबल, त्यावर जाड ब्लँकेट, ब्लँकेटवर पिवळी पडलेली चादर, आणि तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर लोकांच्या कपड्यांच्या घड्या. मास्तरच्या हातात जे येईल त्याची घडी व्हायची. बिस्किटाच्या पुड्याचा कागद, बसचं तिकीट, डोकं पुसायचा टॉवेल, सगळं चौकोनी. नाव सलूनवाल्याने दिलेलं. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “त्याच्यासमोर फार वेळ उभं राहू नका. तुमचीही घडी करून वरच्या फळीवर ठेवून देईल.”

दुकान मूळचं अक्काच्या नवऱ्याचं. अक्का ही मास्तरची थोरली बहीण. नवरा गेला तेव्हा तिच्या पदरात एक लहान मुलगा होता आणि हा भाऊ होता, शाळेत न रमणारा. रडत बसायला तिला वेळ नव्हता. तिने दोघांनाही वाढवलं. मुलगा शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागला, भाऊ टेबलाला लागला. भावाला ती ‘बाळ’ म्हणायची. बाळचं टक्कल पडलं, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी बाळ तो बाळच. गिऱ्हाइकांशी बोलायचं अक्काने, किल्ली अक्काच्या कमरेला, कोणाला किती थांबवायचं ते अक्काने ठरवायचं. कामाची वाटणीही ठरलेली. पाणी अक्काचं, इस्त्री बाळची. सकाळी ती स्टुलावर वाडगं घेऊन बसायची, बोटांनी कपड्यांवर पाणी शिंपडायची, गुंडाळ्या करून ठेवायची आणि मास्तर एकेक उलगडून इस्त्री फिरवायचा. लग्नाचं एकदोनदा निघालं. अक्का म्हणाली, “बघू.” बाळ म्हणाला, “बरं.” झालं, मिटलं.

आता त्या निवडुंगाचं सांगते. कित्येक वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक घाईघाईत आलं. एका हातात सूटकेस, दुसऱ्या हातात कुंडी, आणि कुंडीत मुठीएवढा निवडुंग. “दोन मिनिटं ठेवा, आलोच,” म्हणाला आणि टेबलाच्या टोकाशी, खिडकीखाली, ती कुंडी ठेवून गेला. त्याची दोन मिनिटं अजून व्हायची आहेत. अक्काने संध्याकाळी काय करावं? प्रत्येक कपड्याला नंबराची चिंधी लावतात, तशी एक चिंधी तिने निवडुंगालाही बांधली. काटे टोचले तरी बांधली. दुकानात आलेली वस्तू लोकांची, आणि लोकांची वस्तू जशी आली तशी परत गेली पाहिजे, हा तिचा धर्म. निवडुंग तिथेच राहिला, हळूहळू कोपरभर उंच झाला. चिंधी तीनदा बदलावी लागली, नंबर तोच.

मग अक्काच्या सुनेचं बाळंतपण जवळ आलं, आणि अक्काला मुलाकडे जायची वेळ आली. काही महिने राहावं लागणार होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिने कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“बाळ, ऐकतोयस ना?”

“बरं.”

“बरं काय? मी अजून बोलले कुठे?” अक्का स्टुलावर टेकली. “हे बघ. परत आले की ठरवू. मला वाटतं हे दुकान देऊन टाकावं आणि तूही माझ्याबरोबर चलावंस. लेकाकडे एक खोली रिकामी आहे. तुला एकट्याला इथे ठेवून माझ्या जिवाला घोर नको. उद्या कोणीही येऊन दुसऱ्याचा कोट मागितला, तर तू बटणं लावून देशील त्याला.”

त्या खोलीत मास्तर एकदा राहून आला होता. पहिल्या दिवशी त्याने तिथल्या सगळ्या चादरींच्या घड्या केल्या, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या. तिसऱ्या दिवशी घडी करायला घरात काही उरलं नाही, तेव्हा सोफ्याच्या कडेवर बसून तो स्वतःचे हात बघत राहिला. भाचा चांगला होता, सून चांगली होती, सगळंच चांगलं होतं. जीव मुठीत धरून पळून आला होता तो. पण हे अक्काला सांगणार कसं? अक्काला त्याने आजवर काहीच सांगितलं नव्हतं. ते खातं तिच्याकडे होतं.

“आणि ही कुंडी,” अक्का म्हणाली. “लोकांची आहे. एवढी एक वस्तू सांभाळता आली, तर पुढचं बघू. नाही आली, तर लोकांचे कपडे तू कुठल्या तोंडाने सांभाळणार?”

“पाणी किती घालायचं?”

“घालूच नकोस. मी तरी कुठे घालते? आठवण झाली तर चार थेंब.”

मास्तरला हे काम फार आवडलं. काही करायचं असतं तर विसरला असता. न करण्याचं काम कोण विसरतं? अक्का बसमध्ये बसली त्याच दिवशी त्याने मनाशी ठरवलं, ती येईपर्यंत निवडुंगाला पाण्याचा थेंब नाही. चार थेंबांची सूटही त्याने घेतली नाही.

पण कपड्यांवर पाणी शिंपडायला आता अक्काची बोटं नव्हती. म्हणून त्याने बाजारातून फवारा मारायची एक बाटली आणली. निळी, खटका दाबला की फुस्स करणारी. मास्तर त्या बाटलीच्या प्रेमातच पडला म्हणा ना. डाव्या हातात बाटली, उजव्या हातात इस्त्री. कॉलर, फुस्स. बाही, फुस्स. पाठ, फुस्स फुस्स. आठवड्याभरात त्याचा हात असा बसला, की डोळे मिटून काम झालं असतं. दुकानही नीट चाललं. कोणाचा कोट कोणाला गेला नाही. मास्तर संध्याकाळी किल्ली स्वतःच्या खिशात टाकायचा आणि वरून चाचपून बघायचा.

महिना-दीड महिना गेला असेल. सलूनवाला नेहमीप्रमाणे चहाचा कप घेऊन आला, टेबलाच्या टोकाशी टेकला आणि म्हणाला, “मास्तर, तुमचा गडी झिंगलाय की काय?”

निवडुंग एका अंगाला कलला होता. बुंध्याशी तपकिरी पडला होता. मास्तरने घाबरत बोट लावलं, तर बोट पिकलेल्या फळात जावं तसं आत गेलं.

मग सुरू झाले सल्ले. उंटावरचे शहाणे एरवी एकेकटे भेटतात, पण इस्त्रीच्या दुकानात ते रांगेत उभे असतात. एक म्हणाला ऊन द्या, दुसरा म्हणाला सावली द्या. एकीने अंड्याची टरफलं आणून दिली. एक गृहस्थ म्हणाले, झाडाशी रोज दोन शब्द बोलावेत. मास्तर दोन दिवस बोलला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून “बरं आहे ना?” एवढंच विचारत राहिला. सलूनवाल्याचं निदान सरळ होतं. “अहो, तहानेने चाललाय तो. माणूस आहे का दगड? एक तांब्या ओता, टवटवीत होईल.”

मास्तरने तांब्या उचललाही होता. तेवढ्यात मावशी आली.

ही मावशी म्हणजे चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी. कॉलेज शिकलेली, तोंडाने फटकळ, पायऱ्या उतरून दमलेली, त्यामुळे जास्तच फटकळ. तिने कुंडीत बोट घातलं आणि मास्तरकडे बघितलं.

“ठेव तो तांब्या. तहान कसली? हा कुजलाय. किती पाणी घालतोस रोज?”

“थेंबसुद्धा नाही, मावशी.”

“खोटं बोलू नकोस. माती चिंब आहे.”

“शप्पथ. अक्का गेल्यापासून थेंब नाही.”

“मग काय, माती रडते आहे?”

मास्तरने खरोखरच पाणी घातलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट सांगितल्याबरहुकूम केली, आणि तीही उलटली. अक्काचा आवाज त्याच्या कानात घुमायला लागला: कुठल्या तोंडाने सांभाळणार? त्याच्या डोळ्यांपुढे ती रिकामी खोली आली, तो सोफा, ते गुडघ्यावर ठेवलेले हात.

मावशी कॉलेजात दोन वर्षं वनस्पतीशास्त्र शिकली होती. त्यातलं तिला एवढंच आठवत होतं, की निवडुंगाचे काटे म्हणजे त्याची पानं असतात. याचा इथे काही उपयोग नव्हता. म्हणून तिने सरळ नर्सरीत फोन केला. नर्सरीवाल्याने सांगितलं: खालचं गेलं, ते सोडा. वरून जेवढं घट्ट आहे तेवढं कापून घ्या. काप आतून स्वच्छ दिसेपर्यंत कापत राहा, तपकिरी ठिपकाही ठेवू नका. मग तो तुकडा सावलीत कोरडा वाळू द्या. कापलेली जागा बुचासारखी झाली की कोरड्या वाळूत बसवा, आणि हात लावू नका.

“कापायचं?” मास्तर पांढरा पडला. “लोकांचा आहे तो.”

“लोकांचा आहे म्हणून तर,” मावशी म्हणाली. “तुझा असता तर म्हटलं असतं, टाकून दे.”

वस्तरा अर्थातच सलूनवाल्याचा. त्याने नवं पातं चढवलं, पात्याला स्पिरिट चोळलं आणि खांद्यावरचा टॉवेल झटकून निवडुंगाच्या गळ्याभोवती गुंडाळला. मावशी म्हणाली, थिल्लरपणा नको. तो म्हणाला, “थिल्लरपणा कसला? काटे टोचतात.” मग वाकून निवडुंगाच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असता तिथे, विचारलं, “कसं करू साहेब? मागून बारीक, पुढून तसेच?”

मास्तरने आधी ती नंबराची चिंधी सोडली आणि वरच्या टोकाला बांधली. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एक चकती पडली. मधोमध तपकिरी गोल. दुसरी पडली, त्यातही गोल. तिसरी, चौथी. शेवटी एका कापात आतून नितळ हिरवं-पांढरं निघालं, काकडीसारखं. कोपरभर निवडुंगाचा वीतभर झाला होता.

“अक्काला काय सांगू?” मास्तर भिंतीलाच म्हणाला.

“सांगा, उकडत होतं म्हणून केस बारीक केले,” सलूनवाला म्हणाला.

जुनी माती कुंडीसकट कचऱ्यात गेली. वीतभर तुकडा कागदाच्या चौपदरी घडीवर ठेवला. कुठे? त्याच्याच जागी, टेबलाच्या टोकाशी. मास्तरचा आग्रह. फळीवर तो परका दिसेल म्हणाला.

काप वाळायला हवा होता. वाळेना. मास्तर रोज सकाळी बघायचा, ठणठणीत कोरडा. रोज संध्याकाळी बघायचा, कागदाची घडी दमट. आणि मग एका सकाळी काळा ठिपका. पुन्हा वस्तरा, पुन्हा टॉवेल. या वेळी सलूनवाल्यानेही विनोद केला नाही. वीतभराचं मूठभर उरलं.

“आणखी एकदा कापला तर मिशीएवढा राहील,” तो हळूच म्हणाला. “मास्तर, दुकानात भूत आहे.”

त्यात अक्काचा फोन आला. नातू झाला, बाळंतीण सुखरूप, आणि ती ठरल्यापेक्षा आधीच, दीड महिन्यात, येते आहे. “दुकान घ्यायला एक माणूस तयार आहे,” ती म्हणाली. “आले की बोलू. कुंडी कशी आहे?” मास्तर म्हणाला, “बरी आहे,” आणि फोन ठेवून दिला.

पाणी येत कुठून होतं? मास्तरने सगळ्यांवर संशय घेतला. वाफेवर घेतला, सलूनच्या बेसिनवर घेतला. शेवटी धीर करून मावशीला विचारलं, “तुमचं बाथरूम गळत नाही ना?”

“माझं? चौथ्या मजल्यावरचं? मधले तीन मजले कोरडे ठेवून नेमकं तुझ्या निवडुंगावर?”

“नाही, सहज विचारलं.”

मग त्याने पहारा बसवला. मावशीला त्या दिवशी डॉक्टरकडे जायचं होतं, आणि डॉक्टरपुढे चुरगळलेल्या कोटात जाणं तिला मंजूर नव्हतं. कोट तयार होईपर्यंत ती अक्काच्या स्टुलावर बसली. मास्तर म्हणाला, “मावशी, तुम्ही दाराकडे लक्ष ठेवा. मी खिडकी बघतो. आज चोर सापडलाच पाहिजे.”

मावशीला दाराकडे बघायचा लगेच कंटाळा आला. दार बघण्यात काय आहे? ती मास्तरकडे बघत बसली. टेबलावर एक शर्ट होता. कॉलर, फुस्स. बाही, फुस्स. पाठ, फुस्स फुस्स. शर्टाची घडी झाली, फळीवर गेली. आणि दुसरा शर्ट घ्यायच्या आधी मास्तरचा डावा हात बाटलीसकट झोक्यासारखा टेबलाच्या टोकाकडे गेला, फुस्स, आणि परत आला. डोळे खिडकीवर. चोरावर.

“हे काय केलंस?”

“काय?”

“आत्ता जे केलंस ते.”

“शर्ट केला.”

“त्याच्यानंतर.”

“त्याच्यानंतर दुसरा शर्ट घेतला.” मास्तर गोंधळला. “तुमचा कोट पुढचाच आहे, मावशी, चिडू नका.”

“पुन्हा कर बघू.”

मास्तरने शर्ट केला, अगदी परीक्षेला बसल्यासारखा. हात कुठेही गेला नाही. “बघा. काय केलं मी?”

“तसं नाही. माझ्याकडे बघू नकोस. रेडिओ लाव.”

रेडिओवर कुठलीशी मॅच होती. दोन शर्टांत मास्तर मावशीला विसरला, तिसऱ्यात स्वतःला. कॉलर, बाही, पाठ, घडी, आणि हात निघाला झोका घेत...

“धरला!” मावशी अशी ओरडली, की सलूनवाला हातात वस्तरा घेऊन धावत आला, आणि त्याच्यामागे अर्ध्या गालाला साबण लावलेलं एक गिऱ्हाईक.

मावशीने मास्तरचं मनगट धरलं होतं. बाटलीचं तोंड निवडुंगावर, एक वीत अंतरावर. खटक्यावर बोट.

मास्तरने आपल्या हाताकडे असं बघितलं, जसा तो दुसऱ्या कोणाचा तरी असावा आणि चुकून आपल्या बाहीत आला असावा. खोटं तो बोलला नव्हता. पाणी त्याने घातलंच नव्हतं. डोळ्यांना आणि डोक्याला काही काम उरलं नव्हतं, म्हणून हाताने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं: टेबलावर जे आहे ते शिंपडायचं.

“काखेत कळसा,” मावशी म्हणाली.

“रोजचे पन्नास शर्ट तर असतील,” सलूनवाला हिशोब करायला लागला, “म्हणजे पन्नास आंघोळी! अहो, मासासुद्धा कुजला असता.”

साबणवालं गिऱ्हाईक म्हणालं, “आता माझा दुसरा गाल कराल का?”

तेव्हा मास्तर हसला. आधी नाकातून, मग पोट धरून. कितीतरी दिवसांनी हसला असेल. खाली बसला, टेबलाच्या पायाला टेकून, आणि डोळे पुसत राहिला.

निवडुंग वरच्या फळीवर गेला, हाताच्या टप्प्याबाहेर. पण हाताला हे कोण समजावणार? तो आणखी कितीतरी दिवस त्या रिकाम्या टोकाकडे झोका घेऊन फुस्स करतच राहिला. तिथे सलूनवाला चहा प्यायला टेकायचा. “माझंही बूड ओलं राहतंय, मास्तर,” तो म्हणायचा, “मला मुळं फुटतील एक दिवस.”

काप वाळला. बुचासारखा झाला. सलूनवाल्याने दाढीच्या साबणाचं एक जुनं वाडगं दिलं, तळाला खिळ्याने भोकं पाडली. त्यात कोरडी वाळू घातली आणि वाळूत तो मूठभर निवडुंग बसवला, डोक्यावर चिंधी. आणि मग काहीच करायचं नव्हतं. मास्तरला आता कळलं, की न करण्याचं काम हेच सगळ्यांत अवघड. दिवसातून चारदा स्टुलावर चढून बघायचा. उपटून मूळ बघावंसं वाटायचं. मावशीने दम भरला होता, “हात लावलास तर बोटं इस्त्रीखाली घालीन.” म्हणून नुसता बघायचा आणि उतरायचा.

अक्का यायच्या आदल्या दुपारी सलूनवाला एक पिशवी घेऊन आला. पिशवीत कुंडी, कुंडीत निवडुंग. कोपरभर उंच, हिरवागार, जुन्याचा सख्खा भाऊ.

“शोधून शोधून आणला. चिंधी यालाच बांधा आणि ठेवा जागेवर. तुमची अक्का काय काटे मोजणार आहे?”

“बरं,” मास्तर म्हणाला.

त्याने वाडग्यातल्या निवडुंगाची चिंधी सोडली. बोटांत धरली. तिची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. नवा निवडुंग टेबलाच्या टोकाशी फार शोभत होता. हा इथे राहिला तर दुकान राहील, किल्ली खिशात राहील, ती खोली टळेल. कोणाचं नुकसान? कोणाचंच नाही. दोनदा त्याने चिंधी काट्यांपर्यंत नेली. मग सुस्कारा टाकला, स्टुलावर चढला आणि ती वाडग्यातल्या मुठीलाच परत बांधली. नवा निवडुंग त्याने उचलून सलूनमध्ये आरशासमोर नेऊन ठेवला. सलूनवाल्याने डोक्याला हात लावला.

सकाळी मास्तर बसस्टँडवर गेला. बस आली. दारात अक्का दिसली, हातात दोन पिशव्या, काखेत छत्री. ती पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तोच मास्तर दार अडवून उभा राहिला.

“अक्का, निवडुंग कुजला. माझ्याच हाताने कुजला. वरचा मुठीएवढा वाचलाय.”

“अरे, आधी खाली तर उतरू दे.”

“नाही. आधी ऐक.”

“लोक थांबलेत मागे!”

“थांबू देत. आपल्या हातून कपड्याला डाग पडला, तर गिऱ्हाइकाने घडी उलगडायच्या आत सांगायचं, हे तूच शिकवलंयस. तू अजून दुकान पाहिलेलं नाहीस. म्हणून सांगतोय.”

मागून कंडक्टर ओरडला, “ओ काका, तुमचं घरचं घरी बोला!” अक्काने मागे न बघता त्याला सांगितलं, “थांब रे जरा,” आणि भावाकडे बघितलं. तो बोलत होता. बाटली, हात, वस्तरा, मावशी, रेडिओ, दुसरा निवडुंग, सगळं एका दमात, दार न सोडता. अक्काने त्याच्या तोंडून इतके शब्द सलग कधी ऐकले नव्हते.

दुकानात आल्यावर तिने आधी फळ्या बघितल्या. एकेक घडी, एकेक चिंधी. मग वाडगं खाली घ्यायला लावलं. चष्म्याच्या वरून बघितलं, चष्म्यातून बघितलं. “एवढासाच उरला,” म्हणाली, आणि मास्तर नको नको म्हणेपर्यंत दोन बोटांनी काट्यांच्या मधे धरून तिने तो हलकेच वर ओढला.

आला नाही. वाळू धरून बसला होता.

“मुळं आलीत,” अक्का म्हणाली.

मास्तरने इस्त्रीचं बटण चालू केलं, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

अक्का सलूनमध्ये डोकावून आली. “तो आरशापुढचा चांगला उंच आहे. तोच का नाही ठेवलास? मला मेलीला कळलंही नसतं.”

“तो लोकांचा नाही ना, अक्का. विकतचा आहे तो.”

त्या संध्याकाळी अक्काने दुकान घेणाऱ्या माणसाला फोन करून नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मावशी पडदे घेऊन आली तेव्हा तिला म्हणाली, “राहू दे त्याला इथेच. डाग पाडतो, पण झाकत नाही. कपडे सांभाळायला याहून काय लागतं?” आठ-पंधरा दिवस राहून ती नातवाकडे परत गेली. जाताना किल्ली मागितली नाही. निळी बाटली मात्र हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाली, “ही वस्तू चांगली आहे. मीच आधी का नाही आणली?”

निवडुंगाच्या डोक्यावर पुढे एक कोवळा, फिकट फुगवटा आला. साबणाचं वाडगं त्याला पुरणार नाही, हे मावशीने एका नजरेत सांगितलं. खापराची चांगली कुंडी हवी, नर्सरीतूनच, आणि मास्तरने एकट्याने जायचं नाही, कारण नर्सरीवाला म्हणेल ते तो घेऊन येईल. दोघांनी मिळून जायचं ठरलं. दुकान सोमवारी बंद, म्हणून सोमवार. पहिल्या सोमवारी मावशीचा गुडघा धरला. दुसऱ्या सोमवारी एका हॉटेलचे टेबलक्लॉथ येऊन पडले, मास्तरला सुट्टी नाही. तिसऱ्या सोमवारी दोघं निघाले, मावशी छत्री टेकत, मास्तर पिशवीची घडी हातात धरून. कोपऱ्यापर्यंत पोचले, तेव्हा सलूनवाला मागून ओरडला, “अहो, नर्सरीपण सोमवारीच बंद असते!”

मग बुधवार ठरला, अर्धा दिवस दुकान बंद ठेवून. त्या बुधवारच्या आतच मावशीची लेक आली आणि पायऱ्यांचं निमित्त सांगून आईला सामानासकट आपल्या गावी घेऊन गेली. निवडुंग अजून साबणाच्या वाडग्यातच आहे. आपली कुंडी आणायची राहिली, मास्तर.